गरोदरपणातील नैराश्यविरोधी औषधे आणि बाळाचे आरोग्य : एक आढावा

गरोदर स्त्रीने नैराश्यावरील औषधे घेतल्यास पोटातील बाळावर आणि जन्मानंतरच्या त्याच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न गेली सुमारे तीस वर्षे वैद्यकशास्त्रात सतत चर्चिला जात आहे. या काळात त्याची उत्तरे अनेकदा बदलली. एका दशकात धोक्याचा इशारा म्हणून जे छापले गेले ते पुढच्या दशकात बरेचसे सौम्य झाले, तर काही बाबतींत सुरुवातीची शंका आजही टिकून आहे. या संशोधनाचा जवळजवळ सगळा आधार अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपातील देशांच्या नोंदींचा आहे. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरसारख्या तालुक्यात हाच प्रश्न एखाद्या गरोदर स्त्रीसमोर, तिच्या घरच्यांसमोर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्या नोंदींतील निष्कर्ष किती उपयोगी पडतात, हे पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

नैराश्यावरील आधुनिक औषधांचा आणि गरोदरपणातील औषधांविषयीच्या भीतीचा इतिहास योगायोगाने एकाच वर्षी सुरू होतो. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाने नैराश्य कमी होते हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले, जे पुढे गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुले हातापायांची गंभीर व्यंगे घेऊन जन्मली होती. त्या आघातानंतर औषधांच्या चाचण्यांमधून गरोदर स्त्रियांना वगळण्याची प्रथा पक्की झाली. ही सावधगिरी समजण्यासारखी होती, पण तिचा परिणाम असा झाला की गरोदरपणात कोणते औषध कितपत सुरक्षित आहे हे चाचणीतून कळण्याचा मार्गच बंद झाला, आणि औषध बाजारात येऊन हजारो स्त्रियांनी ते घेतल्यानंतर मागाहून नोंदी तपासणे एवढाच उपाय उरला.

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्यापाठोपाठ सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्राम ही त्याच कुळातील औषधे आली. मेंदूतील पेशी सेरोटोनिन हे संदेशवाहक द्रव्य सोडतात आणि ते पुन्हा शोषून घेतात. हे शोषण रोखणाऱ्या या औषधांना वैद्यकीय व्यवहारात एसएसआरआय म्हणतात. जुन्या औषधांच्या मानाने त्यांचे दुष्परिणाम कमी असल्याने ती झपाट्याने पसरली आणि त्यामुळे गरोदर स्त्रियांपर्यंतही पोहोचली. ही सर्व औषधे कमीअधिक प्रमाणात वारेतून बाळाच्या रक्तात जातात, त्यांत सर्ट्रालिनचे प्रमाण तुलनेने कमी असते.

धोक्याची कल्पना देण्यासाठी अमेरिकेत औषधांना ए, बी, सी, डी आणि एक्स अशी अक्षरे देण्याची पद्धत होती आणि भारतातील अनेक डॉक्टरही तीच वापरत. अक्षर पाहून निर्णय करणे सोपे होते, पण ते दिशाभूल करणारे ठरले, कारण एकाच अक्षराखाली भक्कम पुरावा असलेली आणि केवळ प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे शंकास्पद ठरलेली औषधे एकत्र बसत होती. २०१५ पासून अमेरिकेने ही अक्षरे काढून टाकली आणि त्यांच्या जागी सविस्तर वर्णन देणे बंधनकारक केले.

तुलना कोणाशी करावी

या क्षेत्रातील बहुतेक मतभेद एका पद्धतशास्त्रीय अडचणीतून निघतात. औषध घेणाऱ्या स्त्रिया आणि न घेणाऱ्या स्त्रिया यांच्यात औषधाखेरीज दुसराही मोठा फरक असतो, तो म्हणजे पहिल्या गटातील स्त्रिया नैराश्याने आजारी असतात. नैराश्यात भूक मंदावते, झोप मोडते, तपासण्या चुकतात, लोहाच्या गोळ्या घेतल्या जात नाहीत आणि तंबाखूसारखे व्यसन वाढू शकते. त्यामुळे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये एखादी तक्रार जास्त आढळली, तर तिचे कारण गोळी आहे की ज्यासाठी गोळी दिली तो आजार, हे सहज ठरत नाही.

हा गोंधळ दूर करण्याचे तीन मार्ग संशोधकांनी वापरले आहेत. पहिल्यात औषध घेणाऱ्या स्त्रियांची तुलना नैराश्य असूनही औषध न घेणाऱ्या स्त्रियांशी केली जाते. दुसऱ्यात एकाच आईच्या दोन भावंडांची, म्हणजे एका गरोदरपणात औषध घेतले आणि दुसऱ्यात घेतले नाही अशांची, तुलना होते. तिसऱ्यात गरोदरपणाआधी औषध घेऊन ते बंद केलेल्या किंवा बाळाच्या वडिलांनी औषध घेतलेल्या कुटुंबांकडे पाहिले जाते, कारण त्या बाळांना आनुवंशिक पार्श्वभूमी मिळते पण वारेतून औषध मिळत नाही. एखाद्या अभ्यासाने यांपैकी काहीच केले नसेल, तर त्याच्या निष्कर्षाला मर्यादित वजन द्यावे असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

महाराष्ट्राच्या संदर्भात ही अडचण आणखी वाढते, कारण बाळाचे वजन कमी होण्याची इथली कारणे आधीच अनेक आहेत. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, गरोदरपणात मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. खानदेशातील एखाद्या औषध घेणाऱ्या स्त्रीचे बाळ सव्वादोन किलोचे जन्मले, तर त्यामागे गोळी, आजार, मिश्री, रक्तक्षय आणि शेतातील कष्ट यांपैकी कशाचा किती वाटा आहे, हे पाश्चात्त्य आकड्यांवरून सांगता येणार नाही.

जन्मजात व्यंगांचा वाद

कोणतेही औषध न घेतलेल्या गरोदरपणातही शंभरातील दोन ते तीन बाळांमध्ये काही ना काही मोठे जन्मजात व्यंग आढळते, ही आधाररेषा प्रथम ध्यानात घ्यावी लागते. २००५ मध्ये पॅरोक्सेटिन घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये हृदयाचे दोष जास्त दिसतात अशा नोंदी आल्या आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते औषध डी वर्गात टाकले. त्यानंतर संपूर्ण एसएसआरआय गटाविषयीच शंका निर्माण झाली.

या शंकेचे एक मोठे परीक्षण २०१४ मध्ये क्रिस्टा हायब्रेक्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. अमेरिकेतील सरकारी विमा योजनेतील ९,४९,५०४ गरोदरपणे त्यांनी तपासली, त्यांपैकी ६४,३८९ स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यविरोधी औषध घेतले होते. हृदयदोषाचे प्रमाण औषध न घेतलेल्यांत दर दहा हजारांमागे ७२.३ आणि घेतलेल्यांत ९०.१ आढळले, पण नैराश्य आणि इतर घटक हिशेबात घेतल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. २०१५ मधील दुसऱ्या एका मोठ्या विश्लेषणात सर्ट्रालिनबाबत शंकेला आधार मिळाला नाही, मात्र पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यांच्याशी काही विशिष्ट दोषांचा संबंध टिकून राहिला. त्यामुळे पॅरोक्सेटिन शक्यतो टाळावे आणि नव्याने उपचार सुरू करायचे असल्यास सर्ट्रालिनचा विचार आधी करावा, एवढ्यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. गावाकडे मानसोपचाराच्या गोळ्या असे म्हटले की त्यात नैराश्यावरील, झोपेच्या, फिट्सच्या आणि मनाची अवस्था स्थिर ठेवणाऱ्या सगळ्याच गोळ्या धरल्या जातात. यांपैकी व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतल्यास शंभरातील सुमारे दहा बाळांमध्ये मोठी व्यंगे होतात आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. नैराश्यविरोधी औषधांचा वाद आणि व्हॅल्प्रोएटचा धोका यांत फार मोठे अंतर आहे. त्यांना एकाच पंक्तीत बसवल्यास एकीकडे निष्कारण घबराट पसरते आणि दुसरीकडे खरा धोका नजरेआड होतो.

जन्मानंतरचे पहिले दिवस

नवजात बाळावरील तात्कालिक परिणामांबाबत वाद सर्वांत कमी आहे. शेवटच्या महिन्यांत एसएसआरआय घेतलेल्या मातांच्या सुमारे तीस टक्के बाळांमध्ये पहिल्या काही दिवसांत थरथर, चिडचिड, सतत रडणे, अंगाचा ताठरपणा किंवा ढिलेपणा, जलद श्वास आणि अंगावर पिताना दमणे यांपैकी काही लक्षणे दिसतात. बाळाच्या शरीराला सवय झालेले औषध नाळ तुटताच थांबते किंवा त्याचा अंश अजून रक्तात असतो, म्हणून हे घडते. याला नवजात अनुकूलनाची लक्षणे म्हणतात. बहुतेक बाळांमध्ये ती काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, उबदारपणा, वारंवार पाजणे आणि देखरेख एवढ्यावर ओसरतात. एकेकाळी ती टाळण्यासाठी प्रसूतीच्या आधी औषध बंद करण्याचा सल्ला दिला जाई, पण त्याने बाळाला लाभ होतो असे दिसले नाही आणि आई मात्र सर्वांत नाजूक काळात उपचाराविना राहते, म्हणून तो आता सहसा दिला जात नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर होती. जन्मानंतर बाळाच्या फुप्फुसांतील रक्तदाब उतरावा लागतो. तो न उतरल्यास रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. २००६ मध्ये क्रिस्टिना चेंबर्स यांच्या अभ्यासात विसाव्या आठवड्यानंतर एसएसआरआय घेतल्यास हा विकार सहापट आढळतो असे निघाले आणि त्यावर तातडीचा इशारा दिला गेला. पुढील अभ्यास परस्परविरोधी निघाल्याने २०११ मध्ये तो सौम्य करण्यात आला, आणि २०१५ मध्ये सुमारे अडतीस लाख गरोदरपणांच्या तपासणीत हे प्रमाण दर हजारी दोनवरून तीन एवढेच वाढलेले दिसले, तर इतर घटक वजा केल्यावर उरलेली वाढ आणखी किरकोळ होती. सहापट हा शब्द ऐकून जी भीती वाटते ती हजारात दोन आणि हजारात तीन हे आकडे पाहून वाटत नाही, आणि स्त्रीला माहिती देताना दुसऱ्या प्रकारचे आकडे सांगणे अधिक न्याय्य आहे.

दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता मात्र औषध घेणाऱ्यांत थोडी वाढते आणि भावंडांच्या तुलनेतही ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. तसेच प्रसूतीच्या आधीच्या महिन्यात ही औषधे घेतल्यास बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किंचित वाढू शकतो, असे २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी कळवले. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या प्रदेशात या लहान वाढीचेही महत्त्व अधिक आहे आणि प्रसूतीची जागा निवडताना तिचा विचार व्हायला हवा.

वाढत्या मुलाचा मेंदू

पालकांच्या मनातील सर्वांत मोठी धास्ती स्वमग्नतेची आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या १,४५,४५६ मुलांच्या नोंदींवरून असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत औषध घेतल्यास स्वमग्नतेची शक्यता ८७ टक्क्यांनी वाढते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हा आकडा ठळकपणे छापला. त्या गटात औषधाचा संपर्क झालेली मुले सुमारे अडीच हजार होती आणि त्यांतील ३१ जणांना स्वमग्नता होती, ही बाब मथळ्यांत आली नाही.

एप्रिल २०१७ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनमधील पंधरा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत आणि कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या नोंदींत प्रथमदर्शनी संबंध दिसला, पण भावंडांची तुलना करताच तो मावळला. २०२२ मध्ये अमेरिकेतील आणखी मोठ्या पाहणीनेही स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययनातील अडचणी यांबाबत हाच कल दाखवला. आईच्या आजाराची आनुवंशिक आणि कौटुंबिक पार्श्वभूमी हेच दिसणाऱ्या संबंधाचे मुख्य कारण असावे, असे बहुसंख्य संशोधक मानतात. याउलट अल्पसंख्य संशोधकांचे म्हणणे असे की गर्भाच्या मेंदूच्या घडणीत सेरोटोनिनचा सहभाग असतो, प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे प्रमाण बदलल्यास पिलांचे वर्तन बदलते, आणि भावंडांच्या तुलनेत संख्या घटत असल्याने सूक्ष्म परिणाम निसटू शकतो. हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे आणि तो फेटाळण्याइतका दीर्घ पाठपुरावा अजून झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भरवलेल्या बैठकीत बहुतेक वक्त्यांनी धोक्यांवर भर दिला, तेव्हा तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती मांडणी एकांगी असल्याचे जाहीरपणे सांगितले.

उपचार न झालेल्या नैराश्याची बाजू

औषध न घेणे म्हणजे बाळाला कोणताच धोका नसणे, असे गृहीत धरून ही चर्चा अनेकदा होते. या बाजूचा सर्वांत जवळचा पुरावा गोव्यातून आला आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतील २७० स्त्रियांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे हे त्यामागील ठळक घटक होते. २००३ मध्ये त्याच गटातील १७१ बाळांची माहिती आली, तेव्हा नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे असण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. देशभरच्या ३८ अभ्यासांच्या २०१७ मधील संकलनातही प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सरासरी २२ टक्के आहे.

चालू औषध बंद केल्यास काय होते, याविषयी दोन अभ्यास नेहमी शेजारीशेजारी ठेवले जातात. ली कोहेन यांच्या २००६ मधील पाहणीत औषध चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के आणि बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणात उलटला. २०११ मध्ये किम्बर्ली यॉन्कर्स यांनी सर्वसाधारण लोकसमूहात हेच तपासले तेव्हा असा फरक आढळला नाही. पहिल्या पाहणीतील स्त्रिया विशेष उपचार केंद्रांतील, तीव्र आणि वारंवार उलटणारा आजार असलेल्या होत्या, म्हणून दोन्ही निष्कर्ष आपापल्या ठिकाणी खरे असू शकतात. आजार सौम्य असेल तर औषध हळूहळू थांबवून समुपदेशनावर भागू शकते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या किंवा आजार अनेकदा उलटलेल्या स्त्रीसाठी ते धोक्याचे आहे. गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरच्या आत्महत्येला जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मातामृत्यूच्या प्रत्यक्ष कारणांत स्थान दिले आहे.

औषधाविना उपचारांचा एक प्रयत्नही गोव्यातच झाला. पाकिस्तानात आतिफ रेहमान यांनी गावपातळीवरील आरोग्यसेविकांकडून राबवलेली समुपदेशनाची पद्धत तेथे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्त्रियांमार्फत २८० गरोदर स्त्रियांवर तपासली गेली आणि २०१९ मध्ये तिचा माफक लाभ नोंदवला गेला.

खानदेशातील वस्तुस्थिती

पूर्वीचे एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. बऱ्हाणपूर जवळ, जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नास-साठ किलोमीटरवर आणि धुळ्याचे त्याहून बरेच दूर, अशी स्थिती आहे. २०१५-१६ ची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी ज्या बारा राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे या भागातील नैराश्याचे प्रमाण अंदाजानेच बोलले जाते. तपासणीला आलेली स्त्री नैराश्य असे म्हणत नाही. जीव घाबरा होतो, डोके जड राहते, कशात मन लागत नाही, अशी तक्रार ती सांगते आणि ती पुष्कळदा अशक्तपणाच्या खात्यात जमा होते.

या भागातील एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. सासर मुक्ताईनगर तालुक्यात, माहेर बऱ्हाणपूरकडे, किंवा नवऱ्याचा रोजगार सुरतेला आणि बाळंतपण खानदेशात, अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्याने गोळ्या लिहून दिल्या तो डॉक्टर अशा वेळी दूर राहतो, चिठ्ठी सासरी राहते, आणि सून डोक्याच्या गोळ्या खाते हे माहेरच्यांनाही सांगितलेले नसते. याच शेवटच्या तिमाहीत शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढून आणि यकृताचे काम बदलून औषधाची रक्तातील पातळी घसरू शकते व मात्रा तपासण्याची गरज पडू शकते. म्हणजे देखरेख सर्वांत जास्त हवी तेव्हा ती तुटते आणि गोळ्या बहुधा एका दिवसात, कोणालाही न विचारता, थांबतात.

दुसरीकडे, बाळावर लक्ष ठेवण्याची एक व्यवस्था गावात आधीच उभी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगातून आकाराला आलेल्या घरपोच नवजात बालसेवेनुसार आशाताई दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिसऱ्या दिवशी ती बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घेते, काखेत थर्मामीटर धरते, घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते आणि बाळ अंगावर नीट ओढते का हे आईशेजारी बसून पाहते. जलद श्वास, सुस्ती, दूध न ओढणे ही जी लक्षणे ती जंतुसंसर्गाच्या शंकेने शोधते त्यांतील काही औषधाच्या अनुकूलनाचीही आहेत. आईच्या गोळ्यांची माहिती तिला असेल, तर बाळाला वेळीच पाठवणेही सोपे होईल आणि निदान करणाऱ्या डॉक्टरचे कामही. संसर्गाची शक्यता मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी तपासायला हवी.

अनिर्णित राहिलेले

भारतातील मातांवर या औषधांचा परिणाम वेगळा असतो का, हे अजून उघडे आहे, कारण औषधविक्री आणि जन्मनोंद एकमेकांना जोडणारी नोंदवही देशात नाही. २०१० पासूनचा औषध-सतर्कता कार्यक्रम दुष्परिणामांच्या स्वेच्छेने आलेल्या नोंदी जमवतो, पण एकूण किती गरोदर स्त्रियांनी औषध घेतले हे ठाऊक नसल्याने त्यांवरून प्रमाण काढता येत नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत अमिट्रिप्टिलीन, फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटॅलोप्राम आहेत. त्यांपैकी फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ टिकते आणि दुधातही तुलनेने अधिक उतरते, तेव्हा सरकारी दवाखान्यात मिळणारे औषध आणि स्तनदा मातेला सोयीचे औषध यांचा मेळ कसा घालावा, यावर स्थानिक अभ्यासाची गरज आहे. औषध आणि कुपोषण यांचा एकत्रित परिणामही अस्पष्ट आहे. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २००९ पासून माता आणि बाळ यांना एकत्र दाखल करणारा कक्ष चालतो; तशा केंद्रांनी जमवलेला अनुभव जिल्हा पातळीवर कसा उतरवायचा, हा प्रश्नही पुढे आहे.

हे संशोधन होईपर्यंत थांबण्याची गरज नसलेली काही कामे आहेत. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली होणाऱ्या तपासणीत मनःस्थितीची चौकशी व्हावी आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव व मात्रा माता व बाल संरक्षण पुस्तिकेत लिहिली जावी, कारण माहेरी जाताना स्त्री तीच पुस्तिका सोबत नेते. ज्या स्त्रीला या गोळ्या चालू आहेत आणि दिवस गेल्याचे कळले आहे, तिने किंवा तिच्या घरच्यांनी त्या परस्पर बंद करू नयेत. आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि डॉक्टर जवळ नसतील तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत विचारावे.